माटुंग्याची उमेदवारी

अभिनयाच्या क्षेत्रात 'उमेदवारी' ही संज्ञा, नट होऊ पाहणारा माणूस राबत असतो पण त्याचे राबणे कोणाच्या नजरेस पडत नसते, अशा कालखंडाला लावली जाते. निवडणुकीतल्या उमेदवारीला निदान निकालाची तारीख असते, या उमेदवारीला तीही नसते. तिच्या अभ्यासाला माटुंग्याइतका सोयीचा भाग नाही, कारण पृथ्वीराज कपूर यांचे बिऱ्हाड येथे होते आणि बापाच्या पुण्याईवर सगळे आयते मिळते हा लोकप्रिय सिद्धान्त त्यांच्या दोन मुलांनी, निदान पगारापुरता, येथेच खोटा पाडला.

थोरले राज कपूर यांनी शेजारच्या दादरमधील रणजित स्टुडिओत दिग्दर्शक केदार शर्मा यांच्या हाताखाली क्लॅप देण्याचे काम पत्करले. क्लॅप म्हणजे दृश्याचा क्रमांक खडूने लिहिलेली पाटी, जिच्यावरची फळी आपटल्याच्या आवाजावरून पुढे संकलनात चित्र आणि ध्वनी यांचा मेळ घातला जातो. ती धरणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर यावे आणि लगेच नाहीसे व्हावे, असा दंडक आहे. राज यांची श्रद्धा दंडकाच्या पूर्वार्धावर अधिक असल्याने ते आधी केस विंचरून घेत, आणि अशातच एका नटाची खोटी दाढी फळीत अडकून सुटून आली तेव्हा शर्मांनी त्यांच्या थोबाडीत दिली, असा किस्सा चित्रसृष्टीत सांगितला जातो. याच शर्मांनी १९४७ साली 'नीलकमल'मध्ये त्यांना नायक केले. यावरून, दुसऱ्याच्या दाढीपेक्षा स्वतःच्या केसांकडे लक्ष देणे अंती हिताचे ठरते, असे अनुमान निघते.

मधले शम्मी कपूर माटुंग्याच्याच रुइया महाविद्यालयात थोडाच काळ टिकले आणि १९४८ साली वडिलांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये दरमहा ५० रुपयांवर ज्युनियर आर्टिस्ट, म्हणजे गर्दीत हवा असलेला पण गर्दीतून उठून दिसण्यास मनाई असलेला नट, म्हणून रुजू झाले. १९५२ पर्यंत हा पगार ३०० रुपयांवर गेला. चार वर्षांत सहापट ही वाढ कोणत्याही वेतन आयोगाला लाजवील, मात्र मूळ आकडा पाहता लाज नेमकी कोणाला वाटावी हा प्रश्न उरतो. १९५३ साली 'जीवनज्योती'तून ते पडद्यावर आले, त्यानंतर चित्रपट एकामागून एक पडत गेले, आणि १९५७च्या 'तुमसा नहीं देखा'पर्यंत, नायक असूनही, त्यांची उमेदवारी चालूच राहिली.

आज रुइया नाक्यावर, म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचे सर्व विषय जेथे शिकवले जातात त्या चौकात, एकांकिकेची तालीम आटोपून उभा असलेला विद्यार्थी मालिकेतल्या तिसऱ्या हवालदारासाठी ऑडिशन, म्हणजे नाव-उंची सांगून दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवण्याचा विधी, उरकून आलेला असतो, आणि कॉफीचे बिल येताच खिसे चाचपण्याचा जो अभिनय तो करतो, तो ऑडिशनपेक्षा कितीतरी सरस असतो. वरील इतिहासातून त्याने एवढेच घ्यावे की थप्पड फुकट मिळते आणि गर्दीत उभे राहण्याचे पैसे मिळतात. तेव्हा होकार देण्यापूर्वी मानधनाचे बोलून घ्यावे.