टेम्प्लेटराव

संशोधन करणारी संस्था कुठलीही असो, तिथे एक टेम्प्लेटराव असतातच. पाषाणला असतात, पवईला असतात, कुलाब्याला समुद्राकडे पाठ करून स्क्रीनला चिकटलेले असतात. वय अठ्ठावीस-तीस, पीएच.डी.चं चौथं नाहीतर पाचवं वर्ष, फेलोशिप संपत आलेली. गणपतीला घरी गेले की मामा विचारतात, "काय रे, थिसिस कुठवर आला?" टेम्प्लेटराव प्रामाणिकपणे सांगतात, "साचा जवळजवळ ठरलाय." मामांना वाटतं, चला, आता ओतायचंच काय ते बाकी.

थिसिस लिहायचा तो लेटेक या जुळणीच्या व्यवस्थेत, याबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती. वर्ड वापरणाऱ्यांची त्यांना मनापासून कीव येते. लेटेकचं तत्त्व असं की लेखकाने फक्त मजकूर लिहावा. हे प्रकरण, हे उपशीर्षक, हे समीकरण, एवढंच सांगावं. कसं दिसायचं ते 'क्लास' नावाची फाइल बघून घेईल. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही सोय उभी केली ती लेखकाच्या डोक्याचा हा ताप जावा म्हणूनच. टेम्प्लेटरावांना हे तत्त्व इतकं पटलं की ते पहिल्याच दिवशी क्लासची फाइल उघडून बसले.

सुरुवात 'रिपोर्ट'पासून झाली. लेटेकबरोबर मुळात मिळणारे साचे मोजकेच आहेत: लेखाला 'आर्टिकल', प्रकरणं पडणार असतील तर 'रिपोर्ट', पुस्तकाला 'बुक'. बहुतेक शहाणी माणसं यातलाच एक उचलतात आणि कामाला लागतात. टेम्प्लेटरावांनी पहिलं पान काढून पाहिलं, तर दोन्ही बाजूंना भलीमोठी कोरी जागा. एवढा कागद वाया! त्यांनी 'जिऑमेट्री' पॅकेज लावून चारी बाजूंना एकेक इंच समास केला. मग वाचनात आलं की समास रुंद नसतात, ओळ मुद्दाम आखूड ठेवलेली असते. एका ओळीत साठ-सत्तर अक्षरं असली की नजर पुढच्या ओळीवर न चुकता उतरते. झालं. यान त्शिखोल्ट या टंकरचनाकाराने जुन्या हस्तलिखितांवरून पानाची प्रमाणं शोधून काढली होती, तीही अभ्यासून झाली. दिवाळीच्या सुमारास समास होते तिथे परत आले. मधल्या काळात अख्खा पावसाळा गेला आणि पहिल्या प्रकरणात 'इंट्रोडक्शन' हा शब्द पडला.

पुढे मुक्काम 'कोमा-स्क्रिप्ट'ला. हा जर्मन मंडळींचा साचा. तो पानाचे आडवे-उभे पट्टे पाडून समास हिशेबाने काढतो. पट्टे दहा पाडावेत की बारा, या प्रश्नावर टेम्प्लेटरावांनी कँटीनमध्ये जी चर्चा घडवली ती शेजारच्या टेबलावरच्या जीवशास्त्रज्ञांना गुणसूत्रांबद्दलची वाटली. मग पीटर विल्सन यांचा 'मेमॉयर' आला. यात सगळंच बदलता येतं, म्हणून त्याची माहितीपुस्तिका पाचशेहून अधिक पानांची आहे. टेम्प्लेटरावांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. स्वतःच्या विषयातलं इतकं जाड काही त्यांनी इतक्या एकाग्रतेने वाचल्याचं लॅबमध्ये कुणाला आठवत नाही.

नंतर 'टफ्टे-लेटेक'. एडवर्ड टफ्टे यांच्या पुस्तकांसारखा हाही उजवीकडे मोठी पट्टी मोकळी सोडतो आणि टिपा तळाला न देता तिथे, मजकुराच्या शेजारी देतो. फार देखणा प्रकार. अडचण एकच, टिपा द्यायला आधी मजकूर लागतो.

खरं प्रेम जडलं ते 'क्लासिकथिसिस'वर. आंद्रे मीडे या जर्मन गृहस्थांनी केलेला हा साचा: पॅलाटिनो टंक, प्रकरणाचा मोठा फिकट आकडा, अंतर सोडून बसवलेली छोटी कॅपिटल अक्षरं. पैसे काही नाहीत, पण साचा आवडला तर एक पोस्टकार्ड पाठवा, अशी मीडे यांची विनंती असते. टेम्प्लेटरावांनी शनिवारवाड्याचं कार्ड आणून ठेवलं आहे. थिसिस पूर्ण झाल्यावरच टाकायचं, असा बाणा असल्यामुळे ते खणात आहे.

या टप्प्यावर गाइड सरांनी मसुदा मागितला. टेम्प्लेटरावांनी त्याच रात्री पीडीएफ पाठवली. शीर्षपान, अनुक्रमणिका, आकृत्यांची यादी, ऋणनिर्देश, सगळं जागच्या जागी. ऋणनिर्देश तर चांगला दोन पानांचा. दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"अरे, दिसतंय छान. पण दुसरं प्रकरण कुठल्या भाषेत आहे? इटालियन?"

"नाही सर, लॅटिन."

लेटेकमध्ये 'लिप्सम' नावाचं पॅकेज आहे. पान भरल्यावर कसं दिसेल ते पाहता यावं म्हणून ते खोटा मजकूर पुरवतं. पहिला परिच्छेद सिसेरोच्या लेखनाचे तुकडे पाडून झालेला तो प्रसिद्ध 'लोरेम इप्सम', आणि असे एकूण १५० परिच्छेद. टेम्प्लेटरावांच्या दुसऱ्या प्रकरणात त्यांतले बरेच कामी आले होते. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "लग्न ठरायच्या आधी पत्रिका छापून घेतलीस तू."

सरांचं मनावर घेऊन त्यांनी लिहायला घेतलंही. म्हणजे अर्पणपत्रिका घेतली. थिसिस इंग्रजीत असला तरी हे पान मराठीत हवं, ही इच्छा कुणालाही समजण्यासारखी आहे. मजकूर तीन शब्दांचा: 'आईस आणि बाबांस'. पण नेहमीचं पीडीएफ-लेटेक युनिकोडमधली देवनागरी नीट जुळवत नाही. त्यासाठी जोनाथन क्यू यांनी २००४ साली आणलेल्या झीटेकसारख्या इंजिनाकडे जावं लागतं. टेम्प्लेटरावांनी त्या तीन शब्दांसाठी सगळ्या थिसिसचं इंजिन बदललं. टंक निवडला 'शोभिका', आयआयटी मुंबईतच तयार झालेला, म्हणजे घरचा. पान उघडलं तर 'आणि'तली वेलांटी 'ण'च्या डावीकडे यायची ती उजवीकडे लोंबकळत होती. टंकाला 'लिपी देवनागरी' असं वेगळं सांगावं लागतं, हा शोध मध्यरात्रीनंतर लागला. वेलांटी जागेवर आली, पण इंजिन बदलल्यामुळे 'मायक्रोटाइप' या पॅकेजची अर्धी करामत बंद पडली होती. शब्दांमधलं अंतर एकसारखं दिसावं म्हणून ते अक्षरांची रुंदी नकळत कमी-जास्त करतं. झीटेकमध्ये तेवढं चालत नाही. आईबाबा की शब्दांमधलं अंतर, अशा धर्मसंकटात पुढचा आठवडा गेला. आईबाबा जिंकले, पण थोडक्यात.

कुणी बोललंच तर टेम्प्लेटरावांकडे हुकमी उत्तर असतं: डोनाल्ड कनूथ. १९७७ साली 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं कनूथ यांच्या हाती आली. नव्या तंत्राने जुळवलेली ती पानं त्यांना बघवेनात. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी लेटेकच्या मुळाशी असलेली टेक ही जुळणीची व्यवस्था स्वतःच लिहायला घेतली. काम थोडक्यात आटपेल असा अंदाज होता. सुमारे दहा वर्षं लागली. चौथ्या खंडाचा पहिला भाग पुस्तकरूपात यायला २०११ उजाडलं. "आणि मी चार वर्षांत घाई करू?" असं विचारून टेम्प्लेटराव चहाचा शेवटचा घोट घेतात. उदाहरण बिनतोड आहे. फक्त जुळणीच्या मागे लागण्याआधी कनूथ यांचे तीन खंड छापून बाजारात आले होते, हा तपशील टेम्प्लेटराव सांगत नाहीत.

खरी गंमत पुढेच आहे. या साऱ्या निवडीत टेम्प्लेटरावांना निवडायला काही नव्हतंच. आयट्रिपलईच्या परिषदेला पेपर पाठवायचा तर त्यांचाच दोन रकान्यांचा साचा वापरावा लागतो; स्प्रिंगर आणि एल्सव्हियरचे साचे आपापले. थिसिसचं म्हणाल तर विद्यापीठाचं परिपत्रक असतं: बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच, ओळींत दीडपट अंतर, टंक टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट. टेम्प्लेटरावांनी ते पहिल्या वर्षीच उतरवून घेतलं होतं. उघडलं नव्हतं.

तरीही लॅबमध्ये त्यांना कुणी हसत नाही, कारण सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे त्यांच्याकडेच येतात. कुणाची आकृती तिसऱ्या प्रकरणातून उठून शेवटी जाऊन बसलेली, कुणाच्या संदर्भांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. टेम्प्लेटराव उभ्याउभ्याच सांगतात, "बिबटेक चालवलंस का? मग आता लेटेक अजून दोनदा चालव." प्रश्नचिन्हं जातात, आकडे येतात. परिपत्रकाबरहुकूम क्लास फाइलही शेवटी त्यांनीच एका दुपारी बनवून दिली, आणि तिच्यातून ज्युनिअर मंडळी भराभर डॉक्टर होऊन बाहेर पडली. त्यांच्या ऋणनिर्देशात आईवडिलांनंतर आणि गाइडच्या आधी टेम्प्लेटरावांचं नाव असतं. व्हायव्हाच्या स्लाइड्ससाठीही तेच. 'बीमर'मधल्या थीमना वॉर्सा, माद्रिद, बर्लिन, सिंगापूर अशी गावांची नावं आहेत. त्यांत पुणे नाही, हे शल्य दूर करायला त्यांनी एक थीम सुरू केली होती. तिचा रंग अजून ठरायचा आहे.

सध्या मात्र बीमर मागे पडलं आहे. 'टिप्स्ट' नावाची नवी जुळणीची भाषा आली आहे, २०२३ पासून सर्वांना खुली. लेटेक सवयीने विचारात पडतं तिथे ही पान क्षणात उमटवते, आणि हिचे साचे अजून पुरते ठरायचे आहेत. टेम्प्लेटरावांनी नुकताच मुदतवाढीचा अर्ज दिला, तो टिप्स्टमध्येच. अर्ज एका पानाचा आहे. ऑफिसातल्या बाईंनी कारणाचा रकाना कोरा असल्याचं सांगून तो परत केला, आणि समास मात्र छान पाडलेत हं, असंही म्हणाल्या.