उसात उतरण्याआधी वाचायची पुस्तकं

भिलारला पुस्तकं जमिनीवर असतात आणि बरेचसे संभाव्य वाचक हवेत. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधल्या या स्ट्रॉबेरीच्या गावात 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली. फरक एवढाच की तिथं पुस्तकं विकतात आणि इथं घरमालक हसतमुखानं फुकट वाचू देतात. सुरुवात झाली पंचवीस जागा आणि पंधराएक हजार पुस्तकांनी. कुणाच्या घरी कविता बसली, कुणाच्या घरी इतिहास. पाऊस सोडला तर याच डोंगररांगेवरून रंगीबेरंगी पॅराग्लायडर उडत असतात. तेव्हा ‘हवेत टिकून कसं राहायचं हे पुस्तकातून शिकावं’ असा विचार ज्याच्या डोक्यात येईल, असा इसम जन्माला यायचा तर तो सातारा-सांगलीकडेच येणार.

तो आलेला आहे. दर तालुक्यात एखादा तरी सापडतो. त्याला आपण हौशी म्हणू.

हौशीनं पाचगणीला प्रशिक्षण घेतलेलं असतं. त्याला उडता येतं, म्हणजे उतरता येतं. अडचण नेमकी तीच. पाचगणीचं पठार आणि खाली वाईचं खोरं यांत साधारण साडेपाचशे मीटरची उंची. साधा पॅराग्लायडर एक मीटर खाली येताना आठ मीटर पुढं जातो आणि सेकंदाला मीटरभर उतरतो. हिशेब सरळ आहे : नऊ-दहा मिनिटं, चारेक किलोमीटर, की पाय धोमच्या बाजूच्या एखाद्या वावरात. वर चढणारी हवा सापडली नाही तर देवालाही याहून जास्त मिळणार नाही. आणि हौशीच्या डोळ्यांदेखत दुसरा कुणी तरी त्याच कड्यावरून, तसलंच छत घेऊन, दीड तास वर घिरट्या घालतो, वर दुपारी ढाब्यावर ‘आज हवा जरा मऊच होती’ म्हणतो.

त्या रात्री हौशी बायकोला सांगतो, “मी पुस्तकं मागवतोय.”

“अहो, ती घार कुठलं पुस्तक वाचते?” असं बायको विचारते. प्रश्न बरोबर असल्यामुळे त्याला उत्तर मिळत नाही.

सांगलीतल्या पुस्तकाच्या दुकानात ‘ग्लायडिंगवर काही आहे का?’ म्हणून विचारावं, तर काउंटरमागचा माणूस ‘नाही’ म्हणत नाही. ‘नाही’ म्हणणं हा धंद्याचा अपमान. तो आधी ‘अग्निपंख’ पुढं करतो. हौशीनं मान हलवली की ‘पक्षी जाय दिगंतरा’. चितमपल्लींचं पुस्तक उत्तमच, पण त्यातले पक्षी परवाना मागत नाहीत. शेवटी स्पर्धा परीक्षेच्या कपाटातून भूगोल निघतो. गंमत अशी की या तिन्हींतलं जास्तीत जास्त उपयोगी पडेल ते भूगोलाचंच, आणि हौशी नेमकं तेच ठेवून बाहेर पडतो.

मग तो इंग्रजीकडे वळतो आणि तिथं घोडचूक ठरलेली. कुठल्याही यादीत रायशमनचं नाव वर असतं. हेल्मुट रायशमन हा जर्मन वैमानिक 1970, 1974 आणि 1978 असा तीनदा विश्वविजेता. ‘क्रॉस-कंट्री सोअरिंग’ हे त्याचं पुस्तक या खेळात गाथेच्या मानानं वाचतात. त्यात आलेख आहेत, समीकरणं आहेत, एका उठत्या झोतापासून दुसऱ्यापर्यंत किती वेगानं जावं याची कोष्टकं आहेत. ज्याचं आजवरचं सर्वांत लांबचं उड्डाण पाचगणी ते वाईच्या अलीकडचं ज्वारीचं रान एवढंच आहे, त्यानं तीनशे किलोमीटरच्या शर्यतीचं गणित सोडवायला घ्यावं यात मराठी माणसाचा मूळ स्वभाव दिसतो. हौशी पहिली चाळीस पानं पेन्सिलीनं अधोरेखित करतो. एकेचाळिसाव्या पानावर ती पेन्सिल कायमची मुक्कामाला राहते.

त्या गणिताचा मूळ पुरुष पॉल मॅक्रेडी. हा अमेरिकन 1956 साली ग्लायडिंगचा विश्वविजेता झाला आणि पुढं 1977 मध्ये माणसानं नुसतं पायडल मारून चालवायचं, त्यानं आखलेलं विमान उडालं. त्याचं म्हणणं असं की आत्ताच्या झोतात घुटमळायचं की पुढं सटकायचं, हे पुढचा झोत किती जोराचा असेल या अंदाजावर ठरवावं. हे समजायला सातारकराला समीकरण लागत नाही. तो जन्मभर स्टँडवर उभा राहून, ही खच्चून भरलेली लालपरी धरावी की मागून येणाऱ्या निमआरामची वाट पाहावी, हाच सिद्धान्त वापरत आलेला आहे. आणि मॅक्रेडीइतकाच फसतही आला आहे, कारण मागून येणारी गाडी येईलच याची हमी दोन्हीकडे नाही.

खरं सुरुवातीचं पुस्तक कुठलं, तर डेरेक पिगटचं ‘अंडरस्टँडिंग ग्लायडिंग’. पिगट हा इंग्रज, जन्मभर शिकवण्यात मुरलेला. शिकणारा माणूस कुठं घाबरतो आणि घाबरल्यावर हातानं काय वेडेपणा करतो हे त्याला पक्कं ठाऊक. दुसरं, 1944 साली निघालेलं लँगविशचं ‘स्टिक अँड रडर’. ते ग्लायडरचं नाहीच, इंजिनाच्या विमानाचं आहे. पण पंख हवेत नेमकं काय करतो हे ते इतक्या शहाण्या भाषेत सांगतं की ऐंशी वर्षं झाली तरी वैमानिक ते उशाशी ठेवतात. अमेरिकेच्या विमान खात्याची ग्लायडरची हँडबुक तर फुकट उतरवून घेता येते. सरकारी प्रकाशन असल्यामुळे झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून घेताना मनाला टोचणी लागत नाही. या देशात असं पुण्य क्वचित पदरी पडतं.

ज्यांना छताऐवजी खरा ग्लायडर, म्हणजे लांब पंखांचं बिनइंजिनाचं विमान हवं, त्यांनी पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राची चौकशी करावी. तिथं विंचला गुंडाळल्या जाणाऱ्या तारेनं ग्लायडर वर ओढतात. आपल्या देशात बनलेल्या ग्लायडरांची नावं अश्विनी, भरणी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर. नागरी विमान खात्याच्या दिल्लीच्या तांत्रिक केंद्रात रामामृतम यांनी त्यांतली बरीचशी आखली. नावं ठेवणाऱ्याला शेती कळत होती की नाही कोण जाणे, पण वेळापत्रक बिनचूक जमलंय : रोहिणी-मृगाला पाऊस आला की इकडचं उडणं बंद.

पण खरी मौज आहे ती हवामानाच्या पुस्तकांत. वॉलिंग्टनचं ‘मीटिऑरॉलॉजी फॉर ग्लायडर पायलट्स’ किंवा डेनिस पेगनचं ‘अंडरस्टँडिंग द स्काय’ विकत घेतलं की पैसे फिटले म्हणून समजावं. पेगन हँगग्लायडरवाला, त्यामुळे त्याच्या आकृत्या हवेत लटकणाऱ्या माणसाला कळतात. अशा पुस्तकांतला एकच आडाखा घ्या. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला 125 नं गुणलं की ढगाचा तळ किती मीटरवर असेल त्याचा अंदाज येतो. एप्रिलच्या दुपारी जतला तापमान 39 अंश आणि दवबिंदू 15 अंश असेल, तर फरक 24, आणि ढग धरलाच तर त्याचा तळ तीन हजार मीटरवर. क्लबातला बरा ग्लायडर मीटरमागं तीस मीटर सरकतो. म्हणजे कागदावर तरी जतच्या डोक्यावरून निघालेला माणूस पंख न हलवता सांगलीच्या गणपतीला पोचतो. ज्या दुष्काळानं जत-आटपाडीचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या हैराण झाला, त्याच उघड्या, तापल्या माळावर उडणाऱ्याची दिवाळी. ही गोष्ट तिथल्या पारावर मोठ्यानं बोलू नये हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही, पण लक्षात ठेवावं.

पुस्तकं दगा देतात ती अशाच ठिकाणी. युरोपातला लेखक ठासून सांगतो : दक्षिणेकडे तोंड असलेला उतार शोधा, तिथं ऊन जास्त, तिथून हवा उठते. हौशी ते पाठ करतो आणि मे महिन्यात वाईच्या डोंगरात दक्षिण उतार शोधत बसतो. आता सांगली सतरा अंशांच्या किंचित अलीकडे आणि सातारा किंचित पलीकडे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात इथं सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. वर्तमानपत्रं ‘शून्य सावली दिवस’ म्हणून फोटो छापतात, पोरं शाळेच्या मैदानात बाटली उभी करून सावली गेल्याची खात्री करतात. अशा दिवशी उत्तर काय आणि दक्षिण काय, दोन्ही उतारांना ऊन सारखंच भाजतं. सकाळी पूर्वेचा कडा, दुपारनंतर पश्चिमेचा, हे गुराख्याला ठाऊक असतं, कारण त्याला सावली कुठं मिळेल ते शोधायचं असतं. उडणाऱ्यानं त्याला विचारावं आणि उलट वागावं.

तीच गत समुद्रवाऱ्याची. पुस्तकातल्या चित्रात समुद्र, किनारा आणि एक गोड गोड बाण असतो. इथं समुद्र कोकणापलीकडे, मध्ये सह्याद्री. तरी उन्हाळ्याच्या उतरत्या दुपारी पश्चिमेचा वारा घाट चढून येतो आणि तासाभरापूर्वीचं हवेचं सगळं गणित पुसून टाकतो. पाटणच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी केलेली नाही. जो वारा वीज कंपनीला परवडतो, तो नवशिक्याला बहुधा परवडत नाही.

माळावरची वावटळ हा आणखी एक अभ्यासाचा विषय. आटपाडीकडे भर दुपारी मातीचा खांब गरगरत चालला की जुनी माणसं लेकरांना घरात ओढतात : त्यात भूत असतं. पेगन आणि मंडळी भुताचं नाव घेत नाहीत, पण सांगतात ते हेच. वावटळ म्हणजे जमिनीवरून जोरात सुटलेल्या गरम हवेचा पाय. भरपूर उंचीवर असाल तर ती खूण मोलाची, जमिनीलगत असाल तर लांब राहा, छत मिटेल. आजीनं भूत म्हणून सांगितलं की पोरगं पळतं, ‘ऊर्ध्वगामी प्रवाह’ म्हणून सांगितलं की जवळ जाऊन बघतं. सुरक्षिततेच्या पुस्तकांच्या लेखकांनी यावर विचार करायला हरकत नाही.

आता शेवटचं आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकरण : परक्याच्या रानात उतरणं. लांब उडायचं म्हणजे कधी तरी हवा संपणार आणि दिसेल तिथं टेकावं लागणार. ग्लायडिंगमधला चांदीचा बिल्ला मिळवायला पन्नास किलोमीटरचं उड्डाण, पाच तास हवेत आणि हजार मीटरची चढाई लागते; या पन्नासात कराडची धावपट्टी वाटेत येईलच असं नाही. ती कोयना धरणाच्या कामासाठी 1955 मध्ये बांधली, तुमच्यासाठी नव्हे. इंग्रजी पुस्तकं म्हणतात, कापणी झालेलं गव्हाचं शेत निवडा, गुरं असलेलं कुरण टाळा. उत्तम. पण तासगाव-पलूसच्या बाजूला वरून पाहिलं तर हिरवीगार मऊ सतरंजी अंथरलेली दिसते, ती द्राक्षबाग असते. पानांच्या आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. त्यावर उतरलेला माणूस मण्यांसारखा मोजून बाहेर काढावा लागेल. उसाचं शिवार त्याहून फसवं. वरून गवत वाटतं, आत गेलं की दहा फूट उंच, आणि पाणी दिलेलं असल्यामुळे त्यावरची हवा वर उचलण्याऐवजी खालीच नेते. म्हणजे उसावर माणूस आधी खाली येतो आणि मग उसातच जातो; दोन्ही कामं एकाच पिकानं उरकलेली. त्यापेक्षा ऊस तुटल्यावर पाचट पेटवलेलं रान बघावं : धूर वारा दाखवतो, वर घारी जमलेल्या असतात त्या किडे टिपायला, आणि त्यांच्या फेऱ्या हवा कुठं उठते ते सांगतात.

हे सगळं पुस्तकात नसल्यामुळे हौशी एकदा तरी उसात जातोच. वाळव्याच्या बाजूला एका सायंकाळी तसा एक गेला. छत शेंड्यांवर पसरलं, दोऱ्या पानांत अडकल्या, आणि मध्ये कुठं तरी, आवाजावरून, माणूस होता. बांधावरच्या शेतकऱ्यानं तंबाखू मळता मळता आधी विचारलं, “लागलं का पावनं?”

“नाही. पण हे छत काढायला लागेल. चार माणसं मिळतील का?”

शेतकऱ्यानं उसाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, लांब कारखान्याच्या धुराड्याकडे पाहिलं.

“माणसं घुसवली तर माझा ऊस मोडंल. तोडीची तारीख म्हयन्यानं हाय, ती बी कारखान्यानं पाळली तर. तवर ऱ्हाऊ द्या तितंच. आनि तुमी जरा तसंच सरळ या भाईर, सरी धरून, आडवं येऊ नगा.”