किंचित चढी पांढरी पाच

गेल्या उन्हाळ्यात माझ्या हेडफोनमध्ये भुंगा शिरला. किशोरीताईंचा भूप लावावा, तर तानपुऱ्याच्या जोडीला हा आपला घूंऽऽ करत बसलेला, बिदागी न मागता. मी रीतीप्रमाणे आधी हेडफोन बदलला, मग ड्रायव्हर काढला, परत घातला. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, रीस्टार्ट करून बघ." त्याच्या शास्त्रात याच्यापुढे औषध नाही. गुण आला नाही.

बायको गाणं शिकते. तिने एक कान लावला आणि निदान केलं, "पांढरी पाच. किंचित चढी आहे." अगदी बरोबर निघालं. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे खाते, तिची गुणगुण 50 वर आणि दुपटीने 100 वर ऐकू येते. खालची पांढरी पाच 98 ची. म्हणजे अख्खा देश एका स्वरात गुणगुणतोय, आणि तोही चढा!

मग दोन शोध लागले. लॅपटॉपचा चार्जर काढला की भुंगा गप्प. आणि चार्जर ठेवूनही, अनवाणी पाय शहाबादी फरशीवर टेकवून लॅपटॉपच्या स्क्रूवर बोट ठेवलं, तरी गप्प. बोट उचललं की घूंऽऽ. त्या संध्याकाळी मी बोट ठेवून अख्खा भूप ऐकला.

"अहो, दूध बघता का?" आतून आवाज आला.

"उठता येत नाही. मी अर्थिंग आहे."

27 वर्षांच्या संसारात तिने बऱ्याच सबबी ऐकल्या होत्या. ही नवी होती. दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी वायरमन आला.

त्याने टेस्टर लॅपटॉपच्या स्क्रूला टेकवला. दिवा लागला. "काका, तुमचा लॅपटॉप अधांतरी आहे." चार्जरच्या पोटात गोंगाट गाळायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून चिमूटभर करंट लॅपटॉपच्या अंगावर झिरपतो. तो तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायचा. वाट नसली तर लॅपटॉप 230 च्या निम्म्या व्होल्टवर बसून राहतो. करंट मिलीअँपियरहूनही कमी, म्हणून माणूस मरत नाही. नुसत्या मुंग्या येतात. मला वाटायचं, वयामुळे येतात.

बोर्ड उघडला. वरचं ते मोठं भोक, ज्यात मी इतकी वर्षं श्रद्धेने तिसरी पिन खुपसत आलो, त्याच्यामागे काहीच नव्हतं. हिरवी वायर कुणीतरी कापून भिंतीत दडपली होती.

"मग न्यूट्रललाच जोडून टाका की," मी शहाणपणा केला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाताला साखरेची फोडणी सुचवली होती. "आणि मागे न्यूट्रल तुटली तर? फेज थेट लॅपटॉपच्या अंगावर!"

हिरवी वायर जोडली, तर फेज आणि अर्थिंगमध्ये धरलेला दिवा आजाऱ्यासारखा मिणमिणला. मोर्चा खाली गेला. सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा सेक्रेटरींच्या स्कूटरखाली सापडला. आत पत्रा, कोळसा, मीठ. नियमाप्रमाणे सगळं घातलेलं, फक्त हे लोणचं मुरायला लागतं ते पाणी कुणी वर्षानुवर्षं घातलेलं नव्हतं. "खड्ड्याला कसलं पाणी? इथं टाकीत थेंब नाही!" सेक्रेटरी कडाडले. मी त्यांना त्यांच्या फ्रिजच्या दाराला अनवाणी उभं राहून हात लावून बघायला सांगितलं. त्यांनी लावला नाही. स्कूटर मात्र हलवली.

चार बादल्या ओतल्यावर दिवा लख्ख लागला. वर येऊन हेडफोन घातला. भूप होता, तानपुरा होता, भुंगा नव्हता.

आता दर रविवारी खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे. आणि दुधाकडे बघायचंही.