फेटणाऱ्याचं धातुशास्त्र

क्रीम फेटणं हा मुळात धातुशास्त्राचा विषय आहे, असं माझं मत. ते मी कुणी विचारलेलं नसताना घरात जाहीर केलं. रायपूरजवळच्या सिलतऱ्यात हजार अंशांच्या भट्टीवर पोट भरणाऱ्या माणसापुढे वाटीभर साय कितीशी अकडणार? बायको एवढंच म्हणाली, "अहो, ती तुपाची आहे."

पिशवीतलं टोन्ड दूध फेटलं की फेस छान येतो आणि आपण टाळीची वाट बघत असतानाच बसतो. तो प्रथिनांचा फेस. त्यात फॅट जेमतेम 3 टक्के, म्हणजे धरून ठेवायला कुणी नाही. म्हशीच्या दुधात 7 टक्क्यांच्या आसपास असतं. श्रीमंत खरं, पण तेही शेवटी दूधच. क्रीम उभी राहायला फॅट निदान 30 टक्के हवं, 35 असेल तर उत्तम. छोट्या खोक्यातली 25 टक्क्यांची 'फ्रेश क्रीम' पनीरच्या भाजीत शोभते, फेटल्यावर नुसतीच घट्ट होऊन रुसते. साय मात्र जातीचीच वेगळी. तापवलेल्या दुधावर प्रथिनांचा थर आणि फॅट एकत्र बसलेलं असतं, म्हणून मिक्सर फिरला की आधी गुठळ्या, मग लोणी, मग ताक आणि मग बायकोचा चेहरा.

कारण सोपं आहे. गार फॅटचे कण अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती तट उभारतात. उष्णतेने तट वितळतो आणि अति फेटलं की कण एकजीव होऊन हवा हाकलतात. रायपूरच्या मे महिन्यात पारा 44 वर असताना आमच्या स्वयंपाकघरात कुठलाच तट टिकत नाही, माझा आत्मविश्वास वगळता.

आता माझ्या भट्टीतलं स्पंज आयर्न. (हा विषय मी बारशातही काढतो.) आमच्याकडे लोहखनिज कोळशासोबत फिरत्या भट्टीत घालतात. खनिज वितळत नाही. त्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि ढेकळाच्या अंगात भोकं उरतात. म्हणून स्पंज. जगात सगळ्यात जास्त स्पंज आयर्न भारतात तयार होतं, हे सांगताना माझी छाती क्रीमपेक्षा जास्त फुगते. बघा, आम्ही वायू काढून स्पंज करतो, क्रीमवाला हवा कोंबून. पाहुण्यांना हा सिद्धांत दुसऱ्यांदा ऐकवला तेव्हा ते रिकाम्या कपातून चहा पीत होते.

पण भट्टीतून निघालेलं सगळंच काही आकाशात जात नाही. बरंचसं आमच्या ओट्यावर येतं. बायको दुधावर दोन झाकणं ठेवते, खिडकीची चौकट सकाळ-संध्याकाळ पुसते, पांढरं कापड बाहेर वाळत घालत नाही. ही तिची हौस आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. एकदा चौकट मी पुसली. फडकं काळं झालं आणि तोंडातून शब्द फुटेना. तक्रार करणार कुणाकडे? पगार त्याच धुरातून येतो, आणि लेकीचा खोकलाही.

तरी चीड येते ती धुराची नाही, केकची. रायपुरात दूधाधारी मठ आहे. तिथले महंत बलभद्रदास फक्त दुधावर राहत, अशी ख्याती. त्याच शहरात वाढदिवसाच्या केकवर जे पांढरंशुभ्र नक्षीकाम असतं, ते बहुतेक वेळा वनस्पती तेल, साखर आणि स्थिरक असतं. ते उकाड्यात सहज ढळत नाही, जास्त फेटलं तरी त्याचं लोणी होत नाही. ज्याचं लोणीच होऊ शकत नाही त्याला क्रीम का म्हणायचं?

घरी करायचीच असेल तर डिसेंबरात करा. भांडं आणि पाती आधी फ्रीजमध्ये ठेवा, साखर अर्ध्यावर घाला आणि टोक किंचित वाकू लागलं की हात आवरा. विकतचा केक आणणार असाल तर दुकानदाराकडे क्रीमचा डबा मागा आणि मागची यादी वाचा. तीत दूध सापडलं तर मलाही दाखवा.