एक घोट आवा ओदोरी

जपानच्या शिकोकू बेटावर तोकुशिमा नावाचं शहर आहे. ऑगस्टच्या १२ ते १५ तारखेला ते नाचतं आणि उरलेलं वर्ष त्या नाचावर काढतं. विमानतळाचं नावच 'तोकुशिमा आवाओदोरी विमानतळ'. आवा हे या प्रांताचं जुनं नाव आणि ओदोरी म्हणजे नाच. बिस्किटांच्या पुड्यावर नाच, टॉवेलवर नाच, पत्ता विचारायला थांबलात तर समोरच्या पोस्टरवर नाच. बुलेट ट्रेनच्या या देशात विजेवर चालणारी एकही आगगाडी नसलेला प्रांत हा एकटाच. इथली गाडी आजही डिझेलवर धडधडते. तरीही इथे ऊर्जा डब्यात भरून विकतात, हे स्टेशनवरच कळलं.

दुसरं वेड सुदाचीचं. सुदाची म्हणजे टेबल टेनिसच्या चेंडूएवढं हिरवं लिंबूवर्गीय फळ. जपानातला सुदाचीचा जवळजवळ सगळा माल याच प्रांतात पिकतो. प्रांताचं अधिकृत फूलही सुदाचीचंच. शिवाय १९९३च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या वेळी जन्माला आलेला 'सुदाची-कुन' नावाचा हिरव्या डोक्याचा बाहुला अजून सरकारी नोकरीत आहे आणि निवृत्तीची काही चिन्हं नाहीत. नूडल्सवर सुदाची, भाजलेल्या माशावर सुदाची, मात्सुताके अळंबीवर सुदाची. आमची मावशी सांगलीची. आयुष्यभर मंडईत लिंबं नखाने ओरखडून, हुंगून घेत आलेली. इथल्या सुपरमार्केटात सुदाची जाळीच्या पिशवीत बांधलेली पाहून ती हिरमुसली. शेवटी पिशवीच उचलून नाकाशी नेली आणि म्हणाली, "वासाला आहे हं. रसाला बघू."

नाच आणि फळ एकाच गावात नांदत असताना तिसरी गोष्ट कुणाला तरी सुचणारच होती. स्टेशनजवळच्या दुकानात, दूध आणि गार कॉफीच्या मध्ये, तो डबा उभा होता: सुदाची घातलेलं एनर्जी ड्रिंक. डब्यावर अर्धचंद्राच्या आकाराची गवती टोपी घातलेली नर्तकी, हात वर, बोटं हवेत. खाली बारीक अक्षरांत साखर, कॅफिन, व्हिटॅमिनं वगैरे कुटुंबीय मंडळी. मी दोन घेतले. मावशी म्हणाली, "मला कशाला? मला काय कमी आहे?" पण पैसे दिलेले पाहून तिने डबा हातात घेतला. सांगलीत पैसे दिलेली वस्तू टाकत नाहीत.

पहिल्या घोटाला सुदाचीचा वास येतो, नमस्कार करतो आणि निघून जातो. मग साखर येऊन बसते. तिच्या मागोमाग व्हिटॅमिनच्या गोळीची पिवळी चव, आणि सगळे गेल्यावर जिभेच्या मुळाशी सालीचा कडवटपणा थोडा वेळ रेंगाळतो. तेवढाच खरा. मावशीने डोळे मिटून घोट गिळला आणि निकाल दिला: "औषध म्हणून वाईट नाही. सरबत म्हणून मीठ कमी आहे."

औषध की सरबत, या प्रश्नावर जपानी सरकारनेही डोकं खाजवलेलं आहे. १९६२ साली 'लिपोव्हिटान डी' ही टॉरिन घातलेली छोटी बाटली बाजारात आली आणि ती औषधाच्या दुकानात बसली. १९६५ साली ओत्सुका कंपनीने 'ओरोनामिन सी' काढलं. त्यात बुडबुडे होते, आणि बुडबुडे येणारं औषध सरकारी डोक्यात बसेना. मग ती बाटली साधं शीतपेय म्हणून किराण्याच्या दुकानांत, सार्वजनिक स्नानगृहांत, जिथे जागा मिळेल तिथे विकली गेली आणि त्यातच तिचं भलं झालं. नाव त्याच घराण्यातल्या 'ओरोनाइन' या मलमावरून आलेलं. मलमाच्या या धाकट्या बहिणीने सगळ्या देशाचा थकवा काढायचा मक्ता घेतला. ही ओत्सुका मंडळी याच प्रांतातल्या नारुतोची. १९२१ साली त्यांचा धंदा सुरू झाला तो मीठ काढून उरलेल्या कडू पाण्यातून रसायनं काढण्याचा. म्हणजे मावशीला जे मीठ कमी वाटलं, ते इथल्या लोकांनी आधीच बाजूला काढून ठेवलं होतं.

नाचाची कुळकथा याहून जुनी. आख्यायिका अशी, की सोळाव्या शतकाच्या शेवटी हाचिसुका इएमासा या सरदाराने तोकुशिमाचा किल्ला बांधून पुरा केला, रयतेला दारू पाजली आणि रयत झोकांड्या खात जी नाचली ती अजून थांबलेली नाही. आख्यायिका खरी असो-नसो, एनर्जी ड्रिंक फुकट वाटणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. त्याच्या वंशजांना मात्र पुढे या उत्साहाचा धाक वाटू लागला. सामुराईंना रस्त्यावर नाचायला बंदी झाली. १८४१ साली त्याच घराण्यातला एक बडा सामुराई नाचात सामील झाला म्हणून त्याला घरातच कोंडून ठेवलं. बिचाऱ्याने कॅफिनचा थेंबही घेतला नव्हता.

संध्याकाळी आम्ही लाकडी बाकांच्या गॅलरीत बसलो. आधी ऐकू येते ती काने, म्हणजे हातात धरून वाजवायची पितळी थाळी. ठेका दोनच मात्रांचा, पण सगळा जमाव तिच्या मुठीत असतो. ढोल, बासरी आणि शामिसेन नावाचं तंतुवाद्य मागून येतात. मग नर्तकांचा गट. गटाला इथे 'रेन' म्हणतात. पुरुष कमरेत इतके वाकलेले, की खुर्ची कुणीतरी काढून घेतल्यावरही ते बसूनच राहिलेत असं वाटावं. हातात पंखा, चेहऱ्यावर मिश्कील भाव. बायका याच्या अगदी उलट: ताठ, हात डोक्याच्या वर, आणि गेता, म्हणजे दोन दातांच्या लाकडी खडावा, पुढे कलवून पुढच्याच दातावर सगळा भार. टाच हवेत. अशा तीस-चाळीस बायका एका अंगाने वळतात तेव्हा टोप्यांखाली फक्त हनुवट्या दिसतात. त्यांचं "यात्तोसा!" ऐकून आमच्या मागचे आजोबाही ओरडले. या नाचाचं गाणं नाचणाऱ्याला आणि बघणाऱ्याला एकाच मापाने मूर्ख ठरवतं. बाकाचं तिकीट काढून मूर्ख ठरण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

नाच संपवून आलेली एक मुलगी गल्लीच्या तोंडाशी पायरीवर बसली होती. गेता बाजूला काढलेल्या, अंगठ्याच्या बेचक्यात चिकटपट्टी, तीही घासून काळी पडलेली. थर्मासमधून ती सातूचा गार चहा पीत होती. मी हातातल्या डब्याकडे पाहिलं. डब्यावरच्या नर्तकीच्या हातातही डबा नव्हता. ज्याला नाचायचं आहे तो सातूचा चहा पितो; डबा आमच्यासारख्या बसलेल्यांसाठी असतो.

बसलेल्यांना उठवायची सोयही आहे. 'निवाका रेन' नावाच्या गटात कुणीही, आहे त्या कपड्यांत, सामील होऊ शकतो. जाणकार नर्तक दोन गोष्टी शिकवतात आणि सगळ्यांना घेऊन निघतात. उजव्या पायाबरोबर उजवा हात, डाव्याबरोबर डावा. शाळेतल्या कवायतीने ज्याच्या हाडात नेमकं उलटं भरलं आहे त्याला हे जमत नाही. माझे हातपाय आपसात भांडत राहिले. मावशीने ओढणी कमरेला खोचली, गुडघ्यांचं निमित्त सांगून पुरुषांचा वाकलेला नाच नाकारला, आणि हात वर करून जी निघाली ती थेट दिव्यांच्या झोतात. शेवटी एका नर्तक आजींनी तिला वाकून नमस्कार केला. मावशीने वाकून परत केला. हे बराच वेळ चाललं, कारण आधी थांबायचं कुणी हे दोन्ही देशांत ठरलेलं नाही.

रात्री मावशी पडल्या पडल्या घोरायला लागली. माझ्या पोटात कॅफिन आणि कानात काने, दोन मात्रांत. दुसऱ्या डब्याचा तळ मीच गाठला होता. मावशीने अर्ध्यावरच "पुरे" म्हणून माझ्या हातात दिला होता. सांगलीत पैसे दिलेली वस्तू टाकत नाहीत, भाच्याला देतात.

सकाळी नारुतोचे भोवरे बघायला गेलो. ओनारुतो पुलाच्या पोटात ४५० मीटर लांबीची वाट आहे, जमिनीत काचा बसवलेल्या, खाली ४५ मीटरवर समुद्र. भरतीचं पाणी अरुंद सामुद्रधुनीतून घुसतं आणि मोठ्या भरतीला वीस-वीस मीटर व्यासाचे भोवरे होतात, असं फलक सांगत होता. रात्रभर न झोपलेल्या माणसाने काचेवर उभं राहून खाली बघू नये, असं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी कठडा धरून उभा. मावशी थेट काचेवर, पर्समधल्या सुदाच्या हुंगत, बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"काय रे," ती म्हणाली, "इतकं घुसळतायत सकाळपासून. लोणी कधी येणार?"