पिशव्यांच्या पिशवीस सा. न. वि. वि.

मु. पो. स्वयंपाकघर, दारामागचा खिळा

ती. पिशव्यांच्या पिशवीबाई यांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्रास कारण की, काल एका झुरळाचा पाठलाग करताना तुम्हाला खिळ्यावरून उतरवावं लागलं आणि हातासरशी तुमच्या पोटातल्या लेकीबाळी मोजून झाल्या. ५८ निघाल्या. लग्नात भटजीसुद्धा अष्टपुत्रांवर थांबतात हो.

यातल्या बहुतेकींचा जन्म सरकारदरबारी मान्यच नाही. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या. हँडल असो वा नसो, जाड असो वा बारीक. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तीन महिने कैद. केंद्राने मात्र पिशवीला बंद करण्याऐवजी बाळसं धरायला लावलं. आधी ५० मायक्रॉन, मग ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५, आणि २०२२ सरता सरता १२०. १२० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा हिस्सा. आमच्या मंडईत तो मोजायची पद्धत सोपी आहे. बोटाला थुंकी लावायची, फुंकर मारायची, पिशवीने तोंड उघडलं की पास.

मागे एकदा मंडईत ‘गाडी आली, गाडी आली’ अशी हाकाटी उठली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच समोरच्या भाजीवाल्या मावशींनी पिशव्यांचा अख्खा गठ्ठा माझ्या कापडी पिशवीत सारला. (मी कापडी पिशवी घेऊन बाजारात गेल्याची ही एकमेव नोंद समजावी.) मी भेंड्या निवडत असल्याचा चेहरा करून उभा राहिलो. पालिकेचं पथक पुढे गेलं. मावशींनी गठ्ठा काढून घेतला आणि उपकाराची फेड म्हणून माझी मेथी एकात एक अशा दोन पिशव्यांत घालून दिली. मी नको म्हणणार होतो. पण तोंडातून निघालं ते आमच्या घराण्याचं ब्रीद: ‘असू दे, घरी कामाला येते.’

बाई, तुमच्या साम्राज्याचा पाया या पाच शब्दांवर उभा आहे. आम्ही उधळे नाही. उलट फार काटकसरी. म्हणूनच फुकट मिळालेली पिशवी नाकारत नाही आणि आणलेली टाकत नाही. चौकोनी घडी घालून तुमच्या ओटीत घालतो आणि पृथ्वीसाठी काहीतरी केल्यासारखं वाटून घेतो. कामाला म्हणजे कुठल्या कामाला, हे मात्र कुणी विचारू नये. तुमची लेक इथून निघते ती ओल्या कचऱ्याला कवटाळून, गळ्याला गच्च गाठ मारून. पुढे कोपऱ्यावरच्या गाईला ती गाठ सोडवता येत नाही, म्हणून ती सालं आणि पिशवी एकदमच खाते.

आईच्या काळी ही काटकसर खरी होती. दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या फरशीवर चिकटवलेल्या असत, वाळल्या की रद्दीवाल्याकडे किलोवर जात. त्यांना भाव होता, कारण जाड, स्वच्छ प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येतं. तुमच्या पातळ लेकींकडे मात्र कचरा वेचणाऱ्या बायाही ढुंकून बघत नाहीत. दिवसभर गोळा करूनही काट्यावर वजन भरत नाही. वर आतल्या आमटीने बरबटलेल्या. २०१८ च्या बंदीत दुधाच्या पिशवीला सूट होती, आणि परत दिल्यास पन्नास पैसे मिळतील अशी सोयही ठेवली होती. पन्नास पैशांचं नाणं घेणारा दुकानदार शोधायची जबाबदारी बहुधा ग्राहकावर होती.

आईकडे वायरची पिशवीही होती. हिरवी-पांढरी, चौकटीची, वीसेक वर्षं बटाटे वाहिलेली. तीही प्लास्टिकचीच, हे तुमच्या लेकींना जरूर सांगा. नाहीतर त्यांना वाटेल, आमचं भांडण जातीशी आहे. भांडण आहे ते मंडईपासून घरापर्यंतच्या पंधरा मिनिटांच्या आयुष्याशी. आणि दुकानदार हल्ली ‘कापडी’ म्हणून जी फुसफुशीत रंगीत पिशवी देतात, ती पॉलिप्रॉपिलीनची असते, कापडाची नव्हे. तिच्यावरही २०१८ सालीच बंदी आली होती. सुती पदर घेऊन घरात शिरली म्हणून तुम्ही फसू नका. ५८ मध्ये तशा सहा आहेत.

आमच्या साहेबांचा ऑफिसात दरवर्षी २६ जुलैला गळा दाटून येतो. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या गटारांत हात घातला तर तुमचं खानदान हाती लागलं. साहेब कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले होते. ते हे सगळं चहा पिता पिता सांगतात. चहा कागदी कपात असतो. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही; पण साहेबांचा गळा दाटलेला असताना हे सांगायची माझी छाती नाही.

माझी विनंती एवढीच. शेजारच्या खिळ्यावर समारंभांत मिळालेल्या अकरा खऱ्या कापडी पिशव्या आहेत. मंडईतला तो एक प्रसंग सोडला, तर त्या आजवर उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत. आपण ज्येष्ठ आहात. दोन पावलं सरकून त्यांना चपलांच्या रॅकजवळचा खिळा मिळवून द्यावा. तिथे असल्या तर निदान चप्पल घालताना त्या माझ्याकडे रोखून बघतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
घरमालक (खिळ्यापुरता)

ता. क. बाहेर पाऊस लागला आहे. संपादकांपर्यंत जाताना पत्र भिजेल म्हणून तुमच्यातलीच एक काढून त्यात गुंडाळलं आहे. त्यांनी ती परत केली नाही, तर पुढच्या मोजणीत ५७ धराव्यात.