वहीवरचं नाव

"बाई, हाईत का घरात? या की जरा हिकडं. आमच्या कालिजवालीनं नवं खूळ काढलंय."

आक्कांची हाक आली की गॅस बारीक करून भागत नाही, बंदच करावा लागतो. तारेच्या कुंपणावर त्यांची गोधडी वाळत होती, वरून नुसतं डोकं दिसत होतं.

"आता काय केलं तिनं?"

"वहीवर नाव लिवलंय. आधी सोताचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. पुठ्ठा भरला की वो! बाप सकाळधरनं गप हाय."

"आणि सूनबाई?"

"ती म्हनती मला काय ठावं. आन् भांडी घासताना गानं म्हनत हुती! मला काय ऐकू येत न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "आक्का, हे खूळ सरकारनंच काढलंय. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं. 1 मे 2024 ला आणि त्यानंतर जन्मलेल्या लेकराच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव."

"मग आमची काय पाळन्यात हाय का?"

"तिला सक्ती नाही. तिची हौस."

हौस वहीपुरती सोपी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव असतं, पण वेगळ्या ओळीत. आधार, कॉलेजचा दाखला, आता ते विद्यार्थ्यांचं अपार ओळखपत्र, सगळीकडं नाव जुळावं लागतं. कागदोपत्री बदलायचं तर राजपत्रात छापून आणा. संजय लीला भन्साळीनं आईचं नाव मधे घेतलं तर तो पडद्यावर झळकला; आमच्या पोरीला मात्र शिष्यवृत्तीच्या खिडकीवर परत पाठवतील. हे मी आक्कांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपारपर्यंत तिच्या बापापर्यंत पोचलं असतं.

"आन् बोलनं तर बघा! घरात 'आलीया', 'गेलीया'. फोन लागला की 'अगं, मी येतेय ना'! परवा मैत्रिणीला काय सांगत हुती, तर आमी पुण्याचेच. हायवेला लागून."

"टोलनाका सोडला तर खोटं काय त्यात?"

"हसा तुमी. गावाचं नाव वरवं म्हनायला लाज वाटती तिला."

लाज असेलही थोडी. स्वारगेटला उतरणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरांचं हेच होतं. कात्रजचा बोगदा ओलांडला की जीभ सावध होते, येताना शिंदेवाडी आली की सैल. मला त्यात लबाडी दिसत नाही. बांगड्या भरायला बसल्यावर बाई चार रंग मनगटावर चढवून बघतेच की. पण एक खटकतं. आईचं नाव मधे घ्यायचं आणि आईची बोली मात्र फोन आला की गिळायची, हे कसं? विचारणार आहे तिला. रविवारी सापडते.

"नावं बदलायचंच दिस आल्यात," आक्का गोधडी उलटवत म्हणाल्या. "शेजारचा येल्हं तालुका, त्याचं आता राजगड."

"तेही त्याच आठवड्यातलं बरं का, मार्च 2024. आणि तिचं विद्यापीठ? 2014 पासून सावित्रीबाई फुल्यांचं."

"मंग तिलाच का बोल लावायचा?"

बाजू कधी पालटली हे त्यांनाही कळलं नसावं. मी हळूच विचारलं, "तुमचं माहेरचं नाव काय हो आक्का?"

"काय करायचंय? ताटात तांदूळ पसरलं, ह्यांनी अंगठीनं दुसरं लिवलं, झालं. कुनी इचारलं बी न्हाय. भाऊ हुता तवर त्यो तेवढा जुन्या नावानं हाक मारायचा."

"आईच्या नावाच्या त्याच निर्णयात आणखी एक आहे. लग्न झालेल्या बाईला मिळकतीच्या कागदावर माहेरचं नाव लावायची मुभा."

"मिळकतीच्या?" आक्कांनी गोधडीवर एक सणसणीत धपाटा घातला. "हक्कसोडीवर अंगठा घेऊन भाच्यांनी कवाच इकलीया ती, हायवेवाल्या पार्टीला. आता तिथं हाटेल हाय. जाऊन काय पाटीवर नाव लावू?"